तिठ्यावरचं पान

दीपाली मयेकरने आयुष्यात नवस पुष्कळ बोलले. नणंदेचं लग्न जमू दे म्हणून सोमवार धरले, नवऱ्याचं घोरणं थांबू दे म्हणून संकष्ट्या केल्या, आणि एकदा तर फ्रिज आपोआप सुरू होऊ दे म्हणून देवापुढे साखर ठेवली. (फ्रिज सुरू झाला. घोरणं अजून देवाच्या विचाराधीन आहे.) देवालाही तिची सवय झाली होती. पण ज्या नवसाची ही गोष्ट, तो तिने गेल्या पावसाळ्यात घराजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहून, रडत रडत बोलला. रडताना बोललेला नवस नंतर नीट वाचून बघता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण.

तिचा मुलगा नितेश बोटीवर असतो. त्याची बोट तेव्हा कुठल्याशा लांबच्या समुद्रात होती, जिथे बोटींवर हल्ले होत होते, आणि त्याचा फोन यायचा बंद झाला होता. कंपनीतला माणूस रोज तेच इंग्रजी बोलायचा, "वी आर मॉनिटरिंग." दीपालीने ते शब्द इतके ऐकले की झोपेत बडबडायला लागली. शेवटी ती समुद्राशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "माझा नितेश सुखरूप घरी येऊ दे. माझ्या माहेरच्या माडाचा नारळ माहेरच्या देवीला दाखवून मालवणहून पायी आणीन. वाटेत भुईला टेकू देणार नाही. चालेन त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. आणून तुला देईन."

इथे थांबली असती तर बरं होतं. पण तिच्या मनात आलं, एवढ्या लांब एकटी कशी येणार? म्हणून तिने घाईघाईने पुढे जोडलं, "मी आणि सगुणा. दोघी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेशचा फोन आला. आवाज बसलेला, पण आवाज त्याचाच. दीपाली फोन धरून नुसती रडली, मग देवाजवळ दिवा लावला, आणि मग शेजारी सगुणाकडे पेढे घेऊन गेली.

"माझा नवस तू कसा बोललीस?" सगुणाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"तुझं नाव आपसूक आलं गो तोंडात."

"आपसूक देवाचं नाव येतं! माझं कसं येतं? आणि मौन? मला? अगो, भूल दिली होती तेव्हासुद्धा मी डॉक्टरांशी बोलत होते!"

"नितेशसाठी गो."

नितेशला सगुणाने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "पण नारळ, भाट्याला? तिथे सरकारने नारळाचं संशोधन केंद्र काढलंय. तिकडे शास्त्रज्ञ माडांखाली बसून नारळाचा अभ्यास करतात, आणि तू मालवणहून पायी एक नारळ घेऊन येणार! समुद्र हसेल तुला." मग थोड्या वेळाने, "येते मी. पण आधीच सांगते, माझे गुडघे या नवसात नाहीत."

नितेश दिवाळीला घरी आला. फाल्गुनात त्याला पुन्हा बोटीवर जायचं होतं, आणि शनिवारच्या गाडीचं तिकीट आलं. त्याआधी नारळ समुद्राला पोचायला हवा होता. मागचा शब्द पाळल्याशिवाय पोराला पुन्हा त्याच समुद्राच्या हवाली कसं करायचं? बाकीचे हसत होते, दीपाली मात्र दिवस मोजत होती.

"याला बॅकपॅकिंग म्हणतात, आई," नितेशने आपली मोठी सॅक तिला दिली. "फॉरेनचे लोक गोव्यापासून इकडे असेच येतात."

"एसटी आहे की," तिचा नवरा रघुनाथ पेपरातून म्हणाला. तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर. जगातली प्रत्येक अडचण योग्य रॅकवर ठेवली की सुटते, असं त्याचं मत.

नितेशने बोटीवर लावतात ती उन्हाची क्रीमही दिली. ती एवढी पांढरी की लावल्यावर दोघींचे चेहरे तांदळाच्या पिठात घोळवलेल्या बांगड्यासारखे दिसू लागले. वर पांढरे स्कार्फ, पांढरे सनकोट. सॅक पाठीवर घेतली की नारळ दिसेना, आणि न दिसणाऱ्या नारळावर दीपालीचा विश्वास नव्हता. म्हणून तिने सॅक पुढे, पोटाशी बांधली. नारळाला ऊन लागू नये म्हणून वरून सनकोटाची बटणं लावली. सगुणाचा गॉगल घामाने धूसर व्हायचा, म्हणून तिने तो स्कार्फवरून मागे, डोक्याच्या पाठीमागे सरकवला. आणि उतार आला की ती पाठमोरी उतरायची. तसं उतरलं की गुडघ्यात कळ कमी येते.

एसटीने मालवण गाठून, देवीला नारळ दाखवून, दोघी परत चालायला लागल्या. वाटेत हसू येण्यासारखं बरंच झालं. सॅक भुईला टेकवायची नाही म्हणून दीपाली ती खुंटीला, फांदीला, एका लॉजमध्ये तर पंख्याच्या हुकाला टांगायची. (पंखा काढून ठेवायला सांगितला होता. मॅनेजरने दोन दिवस विचार केला असेल.) खानावळीत सगुणाने हातवाऱ्यांनी मासा मागितला तर वाढप्याने तिला पोहण्याच्या क्लासचा पत्ता दिला. दिवस मावळला की सगुणाचं तोंड जे सुटायचं ते झोपेतही चालू राहायचं. अशा रीतीने त्या नाटे गावापर्यंत आल्या. भाट्ये आता टप्प्यात होतं.

नाट्याला रात्रीच्या मुक्कामी चहावाल्याने सांगितलं होतं, "रस्त्यानं कशाला जाताव? सड्यावरनं जावा. लवकर आडिवऱ्याला लागाल." दोघी पहाटेच निघाल्या. सूर्य उगवायच्या आत सगुणाने शेवटचं वाक्य बोलून घेतलं, "मला ही वाट आवडलेली नाही." आणि मग मौन सुरू झालं.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवं दिसणारं ते पठार फाल्गुनात करपलेल्या तव्यासारखं काळं पडतं. त्या सकाळी त्यावर धुकं उतरलं होतं. एवढं दाट, की दीपालीला स्वतःची पावलं दिसत नव्हती, नुसती वाजत होती. समुद्र डाव्या हाताला असायला हवा होता, पण त्याची गाज उजवीकडून येत होती. मध्येच वाळका पालापाचोळा चुरडल्याचा आवाज व्हायचा. थांबलं की तो आवाज एक पाऊल उशिरा थांबायचा.

दीपालीने सगुणाचा हात धरला. सगुणाचा हात गार होता. (हात सगुणाचाच आहे ना, हे तिने वाकून पाहून घेतलं.)

अचानक धुक्यातून एक माणूस समोर आला. डोक्यावर गवताचा भारा. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. भारा त्याच्या डोक्यावरून हळूच मागे घसरून पडला, आणि तो माणूस वळून, एक शब्द न काढता, धुक्यात पळून गेला.

तो आपल्याकडे बघत नव्हता, आपल्या मागे बघत होता, असं दीपालीला वाटलं. तिने मागे वळून पाहिलं. मागे पांढरं धुकं, आणि काही नाही. त्या काही नाहीकडे तिला जास्त वेळ बघवेना.

ऊन चढलं तसं धुकं विरलं. खाली उतारावर एक वाडी दिसली. (नाव सांगत नाही. वाडीचं नाव खराब होईल, आणि दीपालीचं व्हायचं तेवढं झालेलंच आहे.) दीपालीला हायसं वाटलं. वाडीत माणसं असतील, पाणी मिळेल, वाट विचारता येईल, निदान हातवाऱ्यांनी. सगुणा पाठमोरी उतरू लागली, दीपाली तिच्या मागोमाग, पोटाशी नारळ सांभाळत. सगुणाच्या गुडघ्यांमुळे तो उतार उतरायला त्यांना भर दुपार झाली.

वाडीत कोणी नव्हतं.

म्हणजे घरं होती. घरांपुढची नीट सारवलेली खळी, वाळत घातलेले कपडे. पण माणूस नाही. पहिल्याच घराच्या पडवीत झोपाळा हलत होता. बसलेला माणूस आत्ता उठून गेल्यासारखा, हळूहळू, कुरकुरत. कठड्यावर चहाचा कप होता. त्यातून वाफ निघत होती. दुसऱ्या खळ्यात सुपात तांदूळ अर्धे निवडलेले, खडे बाजूला काढलेले. कुठेतरी मोबाइल वाजत होता. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला, आणि कोणी उचलेना. कुत्रा होता एक. त्याने दोघींकडे पाहिलं, शेपूट पोटाखाली घेतली आणि लाकडांच्या ढिगाखाली शिरला.

सार्वजनिक नळ पूर्ण सोडलेला होता. खाली हंडा भरून वाहत होता.

दोघी पोटभर पाणी प्यायल्या. आणि एवढ्या भीतीतही दीपालीने जाता जाता नळ बंद केला. पाणी वाया गेलेलं तिला बघवत नाही. नळ बंद होताच वाडीत जी शांतता झाली, तिच्यात तिला ऐकू आलं की जवळच्या दारामागे कोणीतरी श्वास घेतंय. एकाचा नव्हे, बऱ्याच जणांचा श्वास. तिने दारावर हलकेच थाप मारली. श्वास थांबले. सगळे एकदम.

सगुणाने तिच्या सनकोटाची बाही धरून ओढली. डोळे एवढे मोठे झाले होते की दीपालीला त्यांच्यात स्वतःचा पांढरा चेहरा दिसला, आणि ती दचकली.

वाडीबाहेर तिठा होता, वाडीतून येणारी वाट तिथे तीन वाटांना फुटत होती. आडिवऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदी मधोमध केळीचं पान मांडलेलं होतं. त्यावर दहीभात, गुलाल, हिरव्या बांगड्या. उतारा. कोणा अतृप्त जिवासाठी ठेवलेलं जेवण.

उतारा ओलांडायचा नाही, हे दीपाली आईच्या पोटातून शिकून आली होती. ओलांडला तर ज्याच्यासाठी ठेवलाय तो पाठी लागतो. आणि तिच्या पोटाशी नितेशचा नारळ होता. ती वाकून बघत राहिली. या उताऱ्यात काहीतरी वेगळं होतं. दहीभाताशेजारी चिंचेचा गोळा होता. कैरीच्या फोडी होत्या, मीठ लावलेल्या. आणि करंजी, ताजी. भुताला करंजी?

सगुणाने काठी घेतली आणि तांबड्या धुळीत लिहिलं, "भूक." मग पानाकडे बोट दाखवलं.

दीपालीने तिच्या हातावर चापट मारली.

दुसऱ्या वाटेने गेल्या. ती वाट काजूंच्या झाडांतून वळली, आणि वळणावर दुसरं पान. भात, चिंच, बोरं. परतल्या. तिसऱ्या वाटेवर तिसरं पान, त्यावर पुरणाची पोळी, तुपाचा ठिपका अजून न गोठलेला. शेवटी दीपालीने ठरवलं, आलो त्याच वाटेने मागे सड्यावर जाऊ. ती वाट तरी मोकळी होती, स्वतः चालून आल्या होत्या.

त्या वाटेवरही आता पान होतं.

त्या गेल्यावर, त्यांच्या मागून, कोणीतरी ठेवलं होतं. पानावरच्या कैरीला अजून चीक सुटत होता.

दीपाली एका काजूच्या फांदीला सॅक टांगून तिथेच बसली. हा चकवा. चारी वाटा बंद. तिने मनात रामरक्षा म्हणायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीला विसरली. ऊन कलंडत होतं. शनिवार परवावर आला होता. तिला आठवले ते फोन न आलेले दिवस, रघुनाथचं तिला दिसू नये म्हणून घराबाहेर जाऊन डोळे पुसणं, आणि "वी आर मॉनिटरिंग." नारळ इथेच राहिला आणि नितेश बोटीवर चढला तर? समुद्राच्या लक्षात राहिलं असेल तर? तिने काही मोठं मागितलं नव्हतं. चालायला एक वाट हवी होती, बस.

सगुणा तिच्याजवळ सरकून बसली. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसता तिचा गुडघा थोपटत राहिली. (स्वतःचा दुखत असताना दुसरीचा थोपटणारी मैत्रीण नवस न करता मिळालीय, हे दीपालीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.)

सूर्य समुद्राला टेकायला आला, तसा वाडीतून ढोल वाजला.

एक ठोका, मग थांबणं, मग एक ठोका. वाटेने माणसांची रांग येत होती. हातात पेटत्या चुडी, म्हणजे झावळांच्या मशाली, डोकी खाली. पुढे एक धोतर नेसलेला म्हातारा, बाबल्या गुरव, हातात नारळ. दोघींपासून बऱ्याच अंतरावर ते थांबले. कोणी वर बघत नव्हतं. बाबल्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं.

"आज सकालपास्नं ही जी कोन पोटुशी बाय आमच्या वाडीत फिरतेय, बालातपनात गेलेली, अलवंतीन झालेली..."

"व्हय म्हाराजा!"

दीपालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. अळवंतीण! बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. तर ती होती सड्यावर. आवाज एक पाऊल उशिरा थांबत होता, तो तिचा होता. गवतवाल्याला तीच दिसली. दिवसभर ती आपल्या मागे फिरली!

"आनि तिच्यासंगट ती दुसरी, उलट्या पायांची, डोकीच्या मागं डोले असलेली..."

"व्हय म्हाराजा!"

दोन-दोन! दीपालीने सॅक फांदीवरून काढून पुन्हा पोटाशी बांधली आणि वरून सनकोटाची बटणं लावली.

"त्या पोटुशीचे डोहाले आमी पुरवले. चिच दिली, कैरी दिली, करंजी दिली. तिची जी काय इच्छा ऱ्हायली असंल ती पुरी कर, नि तिला तिच्या वाटंला लाव रं म्हाराजा!"

दीपालीची भीती कुठल्या कुठे गेली. डोळे भरून आले. बिचारी! पोटात लेकरू घेऊन गेलेली. आई ती. तीही कुठेतरी पोचायचं म्हणून चालत असेल, आणि वाट सापडत नसेल. दीपालीने पोटाशी सॅक आवळून हात जोडले. त्याच क्षणी सूर्य समुद्रात बुडाला, मौन सुटलं, आणि दिवसभर कोंडलेल्या गळ्यातून, अगदी मनापासून, तिचा आवाज फुटला.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी माना वर केल्या.

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. चुडी हवेत उडाल्या. बाबल्या गुरवाने नारळ फेकला आणि धोतर सावरायची वाट न बघता पळाला. ढोल सुटून उतारावरून गडगडत गेला, ढुम्, ढुम्, ढुम्, आणि खाली कोणाच्या तरी कुंपणाला लागून गप्प झाला. पाहता पाहता वाट रिकामी झाली.

एक म्हातारी तेवढी राहिली. काठी टेकून, चिऱ्यावर बसलेली.

आणि सगुणा फुटली. "मेले माझे गुडघे! सकाळपासून चढ, उतार, चढ, उतार, पोटात अन्नाचा कण नाही, वर हिचं मौन, वर ही भुतं, मी मरेन ना इथे, आणि माझ्याही नावाने पान ठेवतील, आणि त्यातही ही मला हात लावू देणार नाही!"

म्हातारीने मान वाकडी करून ऐकलं. "गुडघं दुखतात तुझं?"

"दुखतात म्हणजे? जीव जातो!"

"मंग तू भूत नाय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "भुताला गुडघंदुखी नसते. माझी सासू मेल्यावर दिसायची ना, ती काय तुरुतुरु चालायची! जित्तेपनी खाटंवरनं उठत नव्हती."

"तुम्ही पळाला नाहीत, आजी?" दीपालीने विचारलं.

"पलतंय कशी? माजे पन गुडघं." ती गंगुबाई. तिने सगुणाला जवळ बोलावून खाली पडलेल्या चुडीच्या उजेडात नीट पाहिलं. "पन तू उलटी का उतरलीस गो सड्यावरनं? आमी सगल्यांनी खिडकीतनं बगितलं. तोंड आमच्याकडं, नि टाचा बी आमच्याकडं!"

सगुणाने डोक्यामागचा गॉगल काढून पुढे आणला. "तोंड नाही आजी, हे होतं. आणि उलटं उतरलं की कळ कमी येते."

"अगो बाय!" गंगुबाईचा चेहरा उजळला. "मी पन तशीच उतरतंय! घरातली हसतात मला." मग ती दीपालीकडे वळली, आणि आवाज मऊ करून विचारलं, "नि हिला कितवा?"

दीपालीने खाली पाहिलं. सनकोटाची बटणं ताणलेली होती. तिने एक एक सोडलं, आणि सॅकमधला नारळ काढून दाखवला. तांबड्या फडक्यात बांधलेला, कुंकू लावलेला.

गंगुबाईने नारळाला एक बोट लावून पाहिलं.

"म्हणजे ती अळवंतीण..." दीपालीचा आवाज बारीक झाला, "ती आम्हीच होतो?"

"आम्ही नाही," सगुणा म्हणाली, "तू. मी नुसती उलट्या पायांची."

मग दीपालीने सगळं सांगितलं. नितेश, नवस, शनिवार. गवतवाल्याने सकाळी बातमी आणल्यावर बाबल्याने वाडीच्या सगळ्या वाटांवर पानं ठेवायला लावली होती, भुतांनी खावं आणि जावं म्हणून. आणि ही भुतं एवढी सोवळी निघाली की पान ओलांडून जाईनात!

"मग आता ओलांडा की," गंगुबाई म्हणाली.

दीपालीने मान हलवली. खरं काय ते कळलं तरी उतारा तो उतारा. मंत्र म्हणून मांडलेला. नारळ घेऊन त्यावरून कसं जायचं? सगुणाने कपाळावर हात मारला.

गंगुबाईने थोडा विचार केला. "पान ज्येच्या नावानं ठेवलं त्येनं खाल्लं, की उतारा सपला. वाट मोकली. नि पान ठेवलंय पोटुशीच्या नावानं. ती कोन?"

दोघींनी दीपालीकडे पाहिलं.

"बस आनि खा," गंगुबाई म्हणाली. "सगला. शीत ठेवायचा नाय."

चुडीच्या उजेडात, आडिवऱ्याच्या वाटेच्या मधोमध, मांडीवर नारळ घेऊन दीपाली स्वतःच्या डोहाळ्यांचं पान जेवली. दहीभात, चिंच, कैरी. गंगुबाई शेजारी बसून "हां, ती करंजी पन" म्हणत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कैरीमुळे की समोर मोकळ्या झालेल्या वाटेमुळे, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

"मला एक करंजी?" सगुणाने हळूच विचारलं.

"तुझ्या नावाचा नाय गो ता," गंगुबाई म्हणाली. "तुला घरी भाकरी देतंय."

शनिवारी सकाळी दोघी भाट्याला पोचल्या. नितेश आणि रघुनाथ किनाऱ्यावर वाट बघत होते. सूर्य मावळायला अवकाश होता, म्हणून दीपाली काहीच बोलली नाही. नुसती पाण्यात गुडघाभर गेली आणि नारळ सोडला. लाटेने तो एकदा परत आणला, तिच्या पोटऱ्यांना लावला, मग उचलला आणि आत नेला. तिने वळून लेकाच्या तोंडावरून ओला हात फिरवला. तो म्हणाला, "आई, किती पांढरी दिसतेस!" त्याच संध्याकाळी तो गेला. आता बोटीवरून फोन येतो. पहिला प्रश्न असतो, "जेवलीस का?"

मध्यंतरी रघुनाथने तिला मोबाइल दाखवला. "हे बघ, आमच्या ग्रुपवर आलंय. नाट्याकडची अळवंतीण. ओरिजिनल व्हिडिओ!" खिडकीच्या फटीतून काढलेला, थरथरणारा. त्यात एक पांढरी, पोटुशी बाई वाडीतून जात होती आणि जाता जाता नळ बंद करत होती. रघुनाथने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"बघ, बघ, नळ बंद करते! अगदी तुझी आठवण येते," तो म्हणाला, आणि मग निरखून, "पण ती तुझ्यापेक्षा जरा बारीक आहे."

गंगुबाईने लाख सांगितलं तरी वाडीत अजून अमावास्येला तिठ्यावर पान ठेवतात. दीपालीला ते ऐकून बरं वाटतं. कोणी ना कोणी भुकेला त्या वाटेने जातच असणार. नितेश बोटीवर असला की तीही आता भाट्याच्या पुलाशी, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी एक झाकलेलं पान ठेवते. गुलाल नाही, बांगड्या नाहीत. घाबरून कोणी उपाशी जाऊ नये. हा तिचा नवा नवस, आणि यात सगुणाला आधी विचारलेलं आहे.

तुम्हीही ठेवा हो असं एखादं पान. लोणचं विसरू नका. आणि पोट पुढे आलेली, पांढऱ्या तोंडाची एखादी बाई उन्हातून न बोलता येताना दिसली, तर पळू नका. आधी पाणी द्या. कितवा महिना ते मात्र विचारू नका.